गोठ्यातली तिवई रिंगमध्ये

मित्रांनो, मला उचलून उलटं करून पाहिलंत, तर माझ्या बुडाशी चाकूनं कोरलेली 'ला. क्रा.' ही अक्षरं दिसतील. ती लाउरिट्स क्रागेलुंडची. त्यानंच मला घडवलं. मी एक जुनी तिवई आहे, गाईची धार काढताना बसायची, माणसाच्या गुडघ्यापेक्षाही ठेंगणी. आणि आधीच सांगून टाकते, मी युरोपच्या बॉक्सिंग चॅम्पियनची तिवई आहे. फुशारकी वाटली तर वाटू द्या. आमच्या जटलंडची, म्हणजे डेन्मार्कच्या पश्चिमेकडच्या भागाची, माणसं स्वतःबद्दल असं बोलत नाहीत, पण मी कुठे माणूस आहे? मी लाकूड. लाकडाला कसली आलीय लाज!

लाउरिट्स डेन्मार्कच्या पार उत्तरेला, एका मोठ्या शेतावर गोठ्याचा मुख्य गडी होता. वादळात पडलेल्या एल्मच्या झाडाची एक जाड फळी त्यानं उचलून आणली, तासली, तिला तीन भोकं पाडली आणि तीन पाय ठोकून बसवले. तीनच का, तर गोठ्याची जमीन दगडगोट्यांची, ओबडधोबड. तिथं चार पायांचं स्टूल डुगडुगतं. मी कधी डुगडुगले नाही. निदान तेव्हा तरी नाही.

लाउरिट्सला दोन मुलं. थोरली डाग्नी, बोलायला फटकळ. धाकटा आयनार, ठेंगणाठुसका, मान नाहीच म्हणा ना, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. दोघंही धारा काढायची, पण मी आयनारची. तो माझ्यावर बसायचा, कपाळ गाईच्या कुशीला टेकवायचा, डोळे मिटायचा आणि दोन्ही हातांनी धारा काढायचा. एक गाय झाली की उठायचा, मला उचलून पुढच्या गाईशी मांडायचा, परत बसायचा. रोज बारा गाई, सकाळ-संध्याकाळ. त्याचे हात त्यामुळे असे झाले होते की हस्तांदोलन केलेला माणूस नंतर बराच वेळ आपली बोटं चोळत बसे.

मग दूध काढायचं यंत्र आलं. मला कोणी वाईट बोललं नाही, कोणी काहीच बोललं नाही, मला फक्त कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन ठेवलं. दोन वर्षं माझ्यावर कोंबड्या बसल्या. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

आयनारचे हात रिकामे झाले आणि तो ऑलबोर्ग शहरातल्या बॉक्सिंग क्लबात जायला लागला. पहिलीच लढत हरला. डाग्नी बघायला गेली होती. घरी येऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं, तेव्हा मी खुराड्याच्या दारातून ऐकत होते.

"दोन फेऱ्यांच्या मध्ये बसायला देतात त्याला," ती म्हणाली, "पण ते स्टूल हे एवढं उंच! याचे पाय जमिनीला पोचेनात. लटकत बसला होता बिचारा. पाय लटकवून कुणाला विसावा मिळतो का?"

"पाय आखूड आहेत त्याचे," लाउरिट्स म्हणाला.

"पाय तुम्हीच दिलेत त्याला. आता तिवईही द्या."

पुढच्या लढतीला तिनं मला सायकलच्या मागे बांधून नेलं. वाटेत पंप मारायला थांबली, तेव्हा माझ्यावरची कोंबड्यांची घाण तिनं आपल्या रुमालानं पुसली. त्या संध्याकाळी आयनार माझ्यावर बसला, पाय जमिनीवर घट्ट रोवले, आणि दोन्ही हात मांडीवर टाकून त्यानं असा श्वास सोडला की मला वाटलं, आता हा समोरच्याची धार काढणार. काढलीच!

तिथंच त्याला विगो सालिंगनं पाहिलं. विगो कोपनहेगनचा नावाजलेला प्रशिक्षक. पोट सुटलेलं, आवाज मोठा आणि शब्द आवाजाहून मोठे. त्याला पाव आवडला तर तो 'जगात असा पाव नाही' म्हणायचा, बूट चावला तर 'मेलो' म्हणून ओरडायचा. त्यानं आयनारला व्यावसायिक बॉक्सर व्हायला कोपनहेगनला नेलं, स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. आयनारनं सोबत दोन गोष्टी नेल्या, एक पेटी आणि एक मी.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जटलंडमध्ये कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा म्हणायचं, "नको, कशाला त्रास." दुसऱ्यांदा म्हणायचं, "खरंच नको." तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, "बरं, अर्धा कप चालेल." आणि मग तीन कप प्यायचे. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी उपाशी राहत नाही. कोपनहेगनला मात्र एकदाच विचारतात.

विगोची बायको एब्बा रोज प्रेमानं विचारायची, "आयनार, आणखी बटाटे?" तो म्हणायचा, "नको." ती भांडं उचलून आत न्यायची. गडी भांड्याकडे बघत राहायचा. दोन आठवड्यांत तीन किलो उतरला.

"एब्बा, अगं हा वाळत चाललाय!" विगोच्या तोंडचं पाणी पळालं. "मी बैल आणला आणि त्याचा बोकड झाला!" त्यानं घाबरून डाग्नीला पत्र लिहिलं. उलट टपाली तिचं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं, 'त्याला तीनदा विचारा.'

पण त्यानं भागलं नाही. त्या रविवारी एब्बानं खपून डुकराचं मांस भाजलं, वर खरपूस कातडी, बाजूला लाल कोबी. विगोनं विचारलं, "काय रे, कसं झालंय?" आयनारनं नीट चावून, विचार करून उत्तर दिलं, "खाण्यासारखं आहे." एब्बा ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. परत पत्र, परत कार्ड. 'खाण्यासारखं आहे असं तो आमच्या आईच्या जेवणाला आयुष्यात एकदा म्हणाला होता. एब्बाबाईंना माझा नमस्कार सांगा.'

तेव्हापासून विगोनं मलमपट्टीच्या डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला. 'बरं' म्हणजे उत्तम. 'काही वाईट नाही' म्हणजे अप्रतिम. 'जरासं' म्हणजे फार. रिंगच्या कोपऱ्यात तो डबा उघडला की कागद समोर. आयनार मात्र विगोला नेहमी 'तुम्ही' म्हणायचा, कितीदा सांगितलं तरी. "तुम्ही माझे गुरू," म्हणायचा आणि विषय संपवायचा.

कोपनहेगनमधल्या पहिल्या लढतीला विगोनं मला कोपऱ्यात मांडलं, तेव्हा हजार-दोन हजार लोक माना उंचावून बघायला लागले. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, गाय घरीच विसरलास का?" आणि अख्खं सभागृह हंबरायला लागलं. मूऽऽ! मला त्या दिवशी फार राग आला. आयनारला नाही आला. तो फेरी संपल्यावर शांतपणे येऊन बसला आणि सवयीनं डोळे मिटून समोर कपाळ टेकवलं. समोर होतं विगोचं पोट.

"माझं पोट म्हणजे गाय वाटली का तुला?" विगो खेकसला.

"मऊ आहे," आयनार म्हणाला.

विगोनं पोट काढून घेतलं नाही. मित्रांनो, फेरी तीन मिनिटांची असते आणि विसावा एका मिनिटाचा. ते एक मिनिट माझी नोकरी. त्या मिनिटात बाकीचे बॉक्सर तोंड वर करून हवा शोधत असत, आणि माझा आयनार कपाळ टेकवून गोठ्यात गेलेला असे. घंटा झाली की एका झटक्यात उठायचा. ठेंगण्या तिवईवरून उठण्याची सवय जन्माची होती. चौथ्या फेरीत त्यानं समोरच्याला आडवा केला. पुढच्या लढतीला लोक परत हंबरले, पण या वेळी स्वागताला. तिसऱ्या वर्षी तो डेन्मार्कचा विजेता झाला, तेव्हा तर शेजारच्या रस्त्यावरही हंबरणं ऐकू गेलं म्हणे. ज्यांनी टिंगल केली होती, त्यांनीच ती फिरवली. मी फक्त बसू दिलं.

युरोपच्या विजेतेपदाच्या पट्ट्याची लढत बेल्जियमच्या चॅम्पियनशी होती. पंधरा फेऱ्या. नवव्या फेरीत आयनारची भुवई फुटली आणि डॉक्टर कोपऱ्यात आले. पक्के कोपनहेगनचे, चष्मा नाकाच्या टोकावर.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"तसं काही वाईट नाही," आयनार म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "म्हणजे बरं नाही. मी लढत थांबवतो."

विगोचे डोळे पांढरे झाले. त्यानं डब्याचं झाकण डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं. "वाचा! आधी हे वाचा!" आणि पहिल्या रांगेतून डाग्नीचा आवाज आला, "अहो डॉक्टर, तो जटलंडचा आहे! लग्नात नवरी आवडली का विचारलं तरी तो हेच म्हणेल!" लोक हसले, पंच हसले, डॉक्टरांनीही मान हलवली. सहा फेऱ्यांनंतर आयनारच्या कमरेला युरोपचा पट्टा होता.

मग काय विचारता! वर्तमानपत्रांत माझा फोटो आला. एका फर्निचरवाल्यानं 'आयनार तिवई' म्हणून माझ्यासारख्या शंभर तिवया विकायला काढल्या, चार पायांच्या. अडाणी कुठला! पुढच्या दोन वर्षांत आयनारनं दोनदा पट्टा राखला. मी म्हणेन ते खरं माना, त्या दिवसांत त्याच्याइतका भक्कम माणूस त्या वजनात युरोपात नव्हता.

पण मी खालून बघते, आणि खालून जे दिसतं ते वरच्यांना दिसत नाही. तिसऱ्या लढतीच्या आधी महिनाभर आयनार डाव्या बाजूच्या वस्तू चुकायला लागला. कॉफी ओतताना कपाच्या डावीकडे ओतली. माझ्या पायाला दोनदा ठेचकाळला, मी नेहमीच्या जागी असताना. सरावात डाव्या डोळ्यावर एक ठोसा बसला होता, तेव्हापासूनचं हे. त्यानं कुणाला सांगितलं नाही. ही एक लढत, मग घरी जायचं, स्वतःचं शेत करायचं, असं त्याचं ठरलं होतं. पट्टा कमरेला असतानाच घरी जायचं. हरून परत जायचं नव्हतं त्याला, एवढीच एक हौस त्यानं आयुष्यात केली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मला फक्त पाय आहेत.

लढत रविवारी दुपारी होती, स्पेनच्या रॅमिरोशी. आयनार पहिल्यापासून पुढे. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा गुणांचा हिशेब करायचीही गरज नव्हती. तीन फेऱ्या नुसता उभा राहिला असता तरी पट्टा त्याचाच होता. लोक आनंदानं हंबरत होते. तो कोपऱ्यात आला, माझ्यावर बसला आणि कपाळ टेकवायला पुढे झुकला. विगो समोरच उभा होता. कपाळ टेकलं बाजूच्या दोरखंडाला.

विगोचा हात स्पंजसकट हवेतच थांबला.

"काय रे?" त्यानं विचारलं.

"चाललंय."

"आयनार, नीट दिसतंय का?"

"दिसतंय की."

विगो खाली बसला, दोन्ही गुडघ्यांवर, एवढं पोट सांभाळत. त्याचा मोठा आवाज मी पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला. "तिसऱ्यांदा विचारतोय. डोळा कसा आहे?"

आयनारनं हातमोज्यानं डावा डोळा चोळला.

"जरासा धूसर आहे," आयनार म्हणाला.

बाजूला उभ्या असलेल्या नव्या डॉक्टरांनी ऐकलं. "जरासा ना? मग चालेल. जिंकतोयस गड्या, जा."

विगोनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्याला झाकण उघडावं लागलं नाही. "पंच," तो म्हणाला, "आम्ही थांबतोय."

"नाही!" आयनार म्हणाला. "विगो, तीनच फेऱ्या. तुम्ही माझ्याशी असं करू नका. मी मागतोय तुमच्याकडे. कधी काही मागितलंय का मी?"

"नाही मागितलंस."

"मग?"

"मग बस."

घंटा झाली. रॅमिरो रिंगच्या मध्यावर येऊन उभा राहिला. आयनारनं उठायला जोर लावला आणि विगोनं दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर टाकून आपलं सगळं वजन वर घातलं. एक उठणारा, एक दाबणारा, आणि दोघांच्या खाली मी. उभ्या आयुष्यात एवढा भार माझ्यावर आला नव्हता. माझा मागचा पाय कडकन वाजला. मी मनात म्हटलं, मोडायचं नाही. मी मोडले असते तर तो खाली पडला असता, आणि खाली पडलेला आयनार नक्की उठला असता, मी ओळखते त्याला. मी मोडले नाही. पंचांनी हात हलवले. पट्टा स्पेनला गेला.

मग लोकांनी जे केलं ते मला आठवायला नको वाटतं. ज्यांनी इतकी वर्षं प्रेमानं हंबरलं, त्यांनी चुरगळलेले कागद फेकले. "भित्रा! स्टुलाला चिकटला!" विगोला तर कुणीतरी 'विकला गेलेला' म्हणालं. तो आयनारच्या खांद्यांवरचे हात काढायला तयार नव्हता. आयनार माझ्यावर बसून रडला. मला त्याची कधीच लाज वाटली नाही, त्या दिवशी तर अजिबात नाही.

इस्पितळात नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं की डोळ्याचा आतला पडदा सुटत आला होता. आणखी एक ठोसा बसला असता तर डावा डोळा कायमचा गेला असता. शस्त्रक्रिया झाली. पाच आठवडे दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं पडून राहायचं. डाग्नी मला घेऊनच आली होती. खाटेजवळ खुर्ची नव्हती, ती माझ्यावर बसायची. विगो रोज दुपारी यायचा, उभा राहायचा, क्लबातल्या गोष्टी सांगायचा, आणि आयनार मान भिंतीकडे वळवून पडलेला असायचा. चार आठवडे आयनार त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. विगो बाहेर जाऊन व्हरांड्यात नाक शिंकरायचा ते आम्हाला ऐकू यायचं.

"माणूस रोज येतोय," डाग्नी एकदा म्हणाली. "दगड आहेस का?"

आयनारनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

एके दुपारी विगो निघाला, टोपी हातात घेतली, दारापर्यंत गेला. पट्टीच्या आतून आवाज आला, "विगो, तू उद्या येशील का?"

तू! नऊ वर्षं 'तुम्ही' म्हणणारा माणूस. तेव्हाच्या डेन्मार्कमध्ये माणूस ऊठसूट कुणालाही 'तू' म्हणत नसे, फक्त घरच्यांना म्हणे. विगो एरवी अशा वेळी जग डोक्यावर घेणारा, पण त्या दिवशी त्यानं टोपी पुन्हा खुंटीला अडकवली. तो परत आला, डाग्नीला उठवलं आणि माझ्यावर बसला. मग उठायचं नाव नाही! परिचारिकेनं हाकललं तेव्हा गेला.

आयनारनं शेत घेतलं, गाई घेतल्या. विगो आज नाही. जाईपर्यंत तो दर उन्हाळ्यात एब्बाला घेऊन यायचा, आणि त्याला कॉफी तीनदा विचारावी लागायची, इतका तो बिघडला होता. मला आयनारनं ऑलबोर्गच्या क्लबाला देऊन टाकलं. इथं सुरुवातीला माझी पूजाच तेवढी व्हायची बाकी होती. मग नवी माणसं आली. भिंती रंगवताना कुणीतरी माझ्यावर रंगाचा डबा ठेवला, त्याचं पांढरं वर्तुळ अजून अंगावर आहे. मागचा पाय त्या शेवटच्या लढतीपासून सैलच आहे. सरस लावून, एक पाचर ठोकून पाच मिनिटांत काम होईल. कोणी करत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही असं एखादं सैल पायाचं काहीतरी असेल, ज्यानं कधीतरी मोठा भार पेललेला असेल. फेकू नका. पाचर ठोका.

आणि आणखी एक मागणं आहे. माझ्या डोक्यावर, भिंतीवर एक पितळी पाटी आहे. आयनारच्या सगळ्या लढती तिच्यावर बारीक अक्षरांत कोरल्या आहेत. शेवटची ओळ अशी, 'तेराव्या फेरीसाठी स्टुलावरून उठला नाही. पराभूत.' क्लबातली पोरं ती ओळ वाचतात आणि एकमेकांना कोपरानं ढोसतात. खाली बसलेल्या माणसाला असं हसू नका. त्याला कुणी, का बसवलंय, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

गेल्या मंगळवारी आयनार इथं आला होता. अडुसष्ट वर्षांचा झालाय, अजून ठेंगणाठुसका. पोरं पाटीपुढे घोळका करून उभी होती. तो दारातच थांबला, पाटीपासून पुरती दहा पावलं लांब. चष्मा नाही. त्यानं उजवा डोळा तळहातानं झाकला आणि डाव्या डोळ्यानं, न अडखळता, ती शेवटची ओळ सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.